गाडीचा आवाज गेला!

स्टुरेची सदुसष्ट सालची निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर चढली, की मागून असा धडाम आवाज यायचा की तीन घरांपलीकडचं कुत्रंही उठून बसायचं. मागचे शॉक अॅब्सॉर्बर घरीच बदलायचे असं त्याने ठरवलं, तर बायकोच आडवी आली.

"कशाला गाडीखाली शिरतोस?" गुनवोर म्हणाली. "हिसके माझ्या कंबरेला बसतात, मी कधी कुरकुरले का?"

पण स्टुरे ऐकतोय कसला! डॉक्टरांनी दोघांचंही गोड बंद केल्यापासून घरात आधीच पैज लागलेली होती: जो आधी नेम मोडेल, त्याने तळ्याकाठची बोटीची शेड एकट्याने खरवडून रंगवायची. निदान गाडीच्या बाबतीत तरी आपलं खरं करायचंच, म्हणून अख्खा शनिवार तो गंजलेल्या नटांना शिव्या घालत पडून राहिला आणि रविवारी नवे शॉक अॅब्सॉर्बर बसवूनच उठला.

बघायला म्हणून चक्कर मारली, तीही जरा लांबच. येताना गतिरोधकावरून गाडी जराही आवाज न करता अशी उतरली, जशी लोण्यातून सुरी! कधी एकदा सांगतो असं होऊन तो थेट स्वयंपाकघरात घुसला. गुनवोरच्या हातात दालचिनीचा गोड बन होता आणि दुसरा बन तोंडात.

"सापडलीस!" तो नाचायचाच बाकी होता. "शेड तुझी!"

"तरी सांगत होते, बदलू नकोस," म्हणत तिने घास गिळला आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.



"आधी मिशीवरचं केकचं क्रीम पूस, स्टुरे. मग दोन ब्रश काढ."