आधी आकडा

हवालदार जाहिरातीच्या मोठ्या फलकाआड उभा होता. अंगावरचं चमकतं पिवळं जाकीट काढून त्यानं मोटरसायकलच्या पेटीत कोंबलं होतं. ते अंगात असलं की गाड्या लांबूनच अशा शहाण्यासारख्या चालायला लागतात, जणू सगळे देवदर्शन करून घरी निघालेत. मग पकडायचं कुणाला?

हातात गाड्यांचा वेग मोजणारी स्पीडगन होती, गळ्यात शिट्टी. खांद्यावरचा वॉकीटॉकी करकरला. पुढच्या वळणावर गाड्या अडवायला उभा असलेला त्याचा जोडीदार बोलत होता. त्याला सगळे लांब्या म्हणत.

“झोप लागली का रे? सकाळपासून एक मासा गळाला लागला नाही. मोठे साहेब मलाच विचारत होते, तुझा दोस्त तिथं हवा खायला गेलाय का म्हणून.”

“गाड्याच नाहीत.”

“गाड्या आहेत. तुझं लक्ष नाही.”

बोलणं हवालदाराला लागलं.

समोरच्या रोपवाटिकेतून मावशी हातगाडी ढकलत बाहेर आल्या. हातगाडीवर कुंड्या गच्च भरलेल्या, तोंडानं काहीतरी गुणगुणणं चाललेलं. रस्त्याच्या कडेला त्या नेहमीसारख्या थांबल्या आणि त्यांनी फलकाकडे बघितलं. हवालदार कुठं लपतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याची पाण्याची बाटली रोज त्याच भरून देत. झाडांमुळे त्यांना चढावरून येणारी गाडी दिसत नसे. त्याला दिसे. गाडी असली की तो शिट्टी मारी आणि त्या थांबत. शिट्टी नाही म्हणजे रस्ता मोकळा. दोघांनी बसून असं काही ठरवलं नव्हतं. आपलं आपणच ठरून गेलं होतं.

शिट्टी वाजली नाही. मावशींनी हातगाडीला रेटा दिला.

तेवढ्यात चढावर एक लाल गाडी उगवली. नुसत्या डोळ्यांनीही कळत होतं, तिला चाकं नव्हती, पंख होते. हवालदारानं स्पीडगन उचलली. समोर गाडी होती. डोळ्याच्या कोपऱ्यात हातगाडीचं पुढचं चाक रस्त्यावर उतरताना दिसलं. शिट्टीला हात घालायचाच अवकाश होता. पण शिट्टी वाजली की गाडीवाला ब्रेक दाबणार, आणि हातातोंडाशी आलेला आकडा जाणार.

आधी आकडा, त्याच्या मनानं म्हटलं. मग शिट्टी.

यंत्र वाजलं. आकडा भरघोस होता. ‘सापडला!’ त्याचा जीव सुखावला. अगदी खरा सुखावला.

मग त्यानं शिट्टी फुंकली.

ब्रेक किंचाळले. मावशींनी हातगाडी सोडून मागं अंग टाकलं. गाडी वाकडी होत हातगाडीला धडकली आणि कुंड्या रस्ताभर फुटल्या. रोपवाटिकेतली माणसं धावली.

लाल गाडीतून एक तरुण उतरला. “मला दिसल्याच नाहीत हो,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मावशी कडेला बसल्या होत्या. गुडघा सोलवटला होता. हवालदार त्यांच्यापुढं बसून बाटलीतल्या पाण्यानं जखम धुऊ लागला. बाटली सकाळी त्यांनीच भरलेली होती.

“देवासारखे उभे होतात दादा,” त्या म्हणाल्या. “तुमची शिट्टी नसती, तर आज माझ्या कुंड्यांबरोबर माझंही खापर झालं असतं.”

“मावशी, मी...”

“काय?”

“मी आधी जरा...”

“आधी तुम्ही दोन घोट पाणी प्या. पडले मी आणि थरथरताय तुम्ही!”

सगळे हसले. तोपर्यंत लांब्या मोटरसायकल दामटत येऊन पोचला होता. त्यानं हवालदाराच्या पाठीवर थाप मारली. “काय वेळेवर शिट्टी मारलीस रे! आणि आकडा? आकडा मिळाला का?”

हवालदारानं स्पीडगन पुढं केली.

“अरे बाप रे! साहेब खूश होणार आज.” लांब्यानं तरुणाची कॉलर धरली. “चल रे राजा. डोळे काय घरी ठेवून आलास? माणूस मेलं असतं ना!”

तरुण रडायला लागला. त्यानं मावशींपुढं हात जोडले.

“सोडा हो त्याची मान,” मावशी म्हणाल्या. “चुकलं त्याचं, फार चुकलं. दंड करा, कान पिळा, लायसन काढून घ्या. पण राक्षस असल्यासारखं नका बोलू त्याला. त्यानं मला बघितलं नव्हतं.” फुटक्या कुंडीतलं एक रोप त्यांनी उचललं आणि त्याच्या मुळांवरचं खापर हलक्या बोटांनी काढून टाकलं. “बघून कुणी असं करेल का, दादा?”

शेवटचं त्यांनी हवालदाराकडे बघून विचारलं होतं. साक्ष काढावी तसं, विश्वासानं.

हवालदार रस्त्यावर ओणवा झाला आणि सांडलेली माती दोन्ही हातांनी गोळा करू लागला.

“अरे, गाडीचा नंबर टिपून घे,” लांब्या ओरडला. “आकडा पुसला जाईल!”

त्यानं मान वर केली नाही.