सिद्धम्माचं इष्टलिंग

“माझी बहीण मेली. मातीबी दिली म्या,” दुकानाच्या पायरीवर उभं राहून राजेश्वरअप्पा म्हणाले.

मेलेली बहीण समोरच उभी होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. शेजारी जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातली रेणुका होती.

“अप्पा, कायदा बदललाय. बऱ्या झालेल्या माणसाला मनोरुग्णालयात कोंडून ठेवता येत न्हाई. गोळ्या आता इथं गंगाखेडातच मिळतील. तुमी न्हाई म्हणालात, तर मला ह्यांना निराधारांच्या आश्रमात सोडावं लागंल.”

सिद्धम्मा बरी होऊन कैक वर्षं लोटली होती. सरकारला जाग यायला इतका वेळ लागला, आणि तोवर तिला न्यायलाही कुणी आलं नाही. मनोरुग्णालयात भरती करतानाच तिच्या गळ्यातलं इष्टलिंग उतरवून भावाच्या हाती दिलं होतं. पेशंटच्या गळ्यात दोरा नको, असा तिथला नियम. तेव्हापासून तिचा हात सारखा रिकाम्या गळ्याशी जाई. आताही गेला.

लिंगायताचं इष्टलिंग जन्मभर अंगावर असतं आणि माणसासोबतच मातीत जातं. अप्पांच्या मुलीची सोयरीक जमेना, वेडीच्या घरात कोण येणार? तेव्हा अप्पांनी बहीण तिकडंच वारली म्हणून सांगितलं आणि वस्त्रात बांधलेलं तिचं इष्टलिंग मातीत देताना साऱ्या गल्लीनं त्यांना पाहिलं. लग्न थाटात झालं. तेव्हापासून अप्पा हा माणूस मात्र बिघडला. रोजची पूजा दार लावून करायचा. वैशाखातसुद्धा सदऱ्याची गळ्याजवळची गुंडी सोडायचा नाही. बायको बोलून बोलून थकली.

“राजू,” सिद्धम्मा म्हणाली, “घरात नको घेऊ. माझा देव तेवढा दे. मंग मी जाते.”

गल्ली गोळा झाली होती. ज्यांच्या भीतीनं हे सगळं केलं, ती सगळी माणसं आता तोंडाकडे बघत होती. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या गळ्याकडे, आणि भर रस्त्यात त्यांना रडू फुटलं.

“आत ये, अक्का. मातीत म्या सुपारी दिलती,” ते म्हणाले आणि त्यांनी गुंडी सोडली.

त्यांच्या गळ्यात दोन इष्टलिंगं होती.