झगलूलची शपथ

"पुन्हा विचार करा, हाज्जा," तिचे वकील उस्ताद रअफत म्हणाले. "निर्णायक शपथ म्हणजे शेवटचा डाव. तुमच्या दिराने शपथ घेतली की घर त्याचं. मग साक्षीला फरिश्ते आणा, न्यायाधीश ऐकायचे नाहीत. त्याने नाकारली, तर घर तुमचं."

शौकिया कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून खारवलेले तुरमुसाचे दाणे सोलत होती. "आपल्याकडे कागद आहे का?"

"नाही."

"साक्षीदार?"

"तोही नाही."

"मग घेऊ दे की शपथ."

दमनहूरच्या कालव्याकाठचं ते घर झगलूलने धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तोंडी विकलं होतं, असा तिचा दावा होता. भाऊ वारला आणि झगलूल विधवेला बाहेर काढायला निघाला. अख्खी गल्ली त्याला शिव्या घालत होती. कोर्टाखालचा चहावाला तर पैजा लावत होता. सगळे म्हणत होते, हा बेशरम शपथ घेणारच.

पुकारा झाला. आत एसी न्यायाधीशांच्या फायलीवर गळत होता. कारकुनाने खाली चहाचा ट्रे धरला. ट्रे भरला, कलंडला, आणि सगळं पाणी झगलूलच्या पायाशी आलं.

"म्हणा, थोर अल्लाची शपथ, मी हे घर भावाला विकलेलं नाही," न्यायाधीश म्हणाले.

झगलूलने कुराणावर हात ठेवला. तोंड उघडलं. मग त्याची नजर खाली गेली. कुणीतरी निथळत येऊन शेजारी उभं राहावं, तसा तो त्या पाण्याकडे बघत राहिला.

"हाज, घर हवंय ना?"

"हवंय, साहेब."

"मग बोला."

"नाही बोलवत."

मागून कुणीतरी म्हणालं, "घर ढापताना बरी जीभ चालली."

न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं, "शपथेला नकार. दावा मंजूर."

झगलूलने खिशातून किल्ली काढून बाकावर ठेवली आणि भिंतीच्या कडेकडेने, पाणी टाळत, निघून गेला.

उस्ताद शौकियाला घरापर्यंत सोडायला आले. वाटभर खुशीत होते. "खोटी शपथ घ्यायला घाबरला. म्हणजे थोडी लाज शिल्लक आहे म्हणायची."

"खोटी कुठली?" शौकियाने कुलूप काढलं. "मागे म्हशीच्या खटल्यात भावजींनी खरी शपथ घेतली. त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा तलअत या कालव्यात बुडाला. तेव्हापासून ते खऱ्याचीसुद्धा शपथ घेत नाहीत."

उस्ताद उंबऱ्यावरच थबकले. "म्हणजे घर विकलंच नव्हतं?"

"छे हो. भाडंसुद्धा कधी घेतलं नाही बिचाऱ्यांनी. या ना आत, चहा टाकते."