संस्कारांचं घर

सून ज्या खुर्चीवरून उठली, ती सासूबाईंनी रुमालानं खसाखसा पुसली आणि मगच नातीला तिच्यावर बसवलं. कुटुंब न्यायालयातली ही मुलांना भेटायची खोली. पण सासूबाईंचं सोवळं इथंही सुटलं नव्हतं.

“जेलमध्ये राहून आलेल्या बाईकडे पोर सोपवायची? आमचं संस्कारांचं घर आहे,” त्या समुपदेशक बाईंना म्हणाल्या. शेजारी त्यांचे चिरंजीव खाली मान घालून मोबाइल चाळत होते. मुलीच्या ताब्याच्या अर्जावर सही याच शूरवीराची.

सुनेला हसूच आलं. दारू ढोसून गाडी चालवताना यानं वाटसरूला उडवलं, त्या रात्री याच बाई तिच्यापुढे पदर पसरून रडल्या होत्या. “बाईमाणूस म्हणून कोर्ट तुला सोडून देईल गं. त्याची सरकारी नोकरी जाईल. सांग, गाडी तू चालवत होतीस.” कुंकवापायी तिनं सांगितलं. कोर्टानं सोडलं तर नाहीच, वर परवाना नसल्याचं कलमही तिच्याच माथी मारलं. जेलमध्ये या संस्कारी घरातलं कुत्रंही तिला भेटायला फिरकलं नाही.

लेक मघापासून विचारात पडली होती. “आई, आजी म्हणते, तुझ्या गाडीखाली माणूस मेला. पण तुला तर सायकलपण येत नाही. तू गाडी कधी शिकलीस?”

सासूबाईंचा रुमाल हातातच राहिला. समुपदेशक बाईंनी कागदांवरून नजर उचलली.

“त्याच रात्री, बाळा,” लेकीच्या कपाळावरची बट मागे सारत ती म्हणाली. “तुझ्या आजीनं शिकवली.”