कोर्टात चालणारी डिस्क

सोमेशनं कॉम्प्युटरवर एक्सपोर्टची खिडकी उघडली आणि माऊस धरून तो तसाच बसून राहिला. मागे, पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर, केवळाबाई बसली होती. तिच्या पोराला, सत्यमला, वरातीत चौघांनी घेरून दगडांनी ठेचलं, ते सोमेशच्याच कॅमेऱ्यात आलं होतं. मागच्या तारखेला दिलेली डिस्क कोर्टातल्या जुन्या प्लेयरवर लागलीच नाही. घाईत सोमेशनं तिच्यावर नुसती फाइल टाकली होती. उद्या पुन्हा तारीख होती. नवी डिस्क घेऊन या, असं वकिलानं केवळाबाईला बजावलं होतं.

तेवढ्यात काचेचं दार लोटून अण्णाराव आत आला. मागून त्याचा पुतण्या रुद्रेश. चौघांतला एक तोच, जामिनावर सुटलेला. आत येता येता त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

"काय करायलास, सोमेश?" अण्णाराव खुर्ची ओढून बसला. "मागच्यावानी टाक की. चालली तर चालली, न्हाई तर न्हाई. मशीनचं काम हाय, तुला कोन धरंल?"

केवळाबाईकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

चाकूरसारखं गाव, ह्यांची माणसं दिवसातून दहादा दुकानावरून जाणार. सोमेशनं स्क्रीनवरचा बाण हळूच मागच्याच 'एमपीफोर' फाइलवर नेला. कॉम्प्युटरवर ही डिस्क झकास चालली असती, कुणाला कसला संशय आला नसता. कोर्टातल्या प्लेयरनं मात्र ती पुन्हा बाहेर थुंकली असती. त्यानं बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकायला लागली.

"सोमेशा," केवळाबाई म्हणाली, "चालंल न्हवं ही?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण सोमेशनं हिरवी पट्टी थांबवली. खाली जाऊन 'डीव्हीडी' निवडलं, त्यात आपल्याकडच्या प्लेयरना लागणारं 'पाल' निवडलं.

"ती न्हाई, मावशी. आता करतो ती चालंल."

रुद्रेशनं त्याचा हात माऊसवरून ओढला, टेबलाच्या कडेवर दाबून धरला आणि कोपऱ्यातला ट्रायपॉड उचलून त्याच्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सोमेशला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तो गुरासारखा ओरडला. ट्रायपॉड पुन्हा वर गेला.

तो खाली आलाच नाही. केवळाबाईनं लाइटचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी धरून रुद्रेशच्या तोंडावर हाणला. बल्ब फुटला. रुद्रेशचा गाल डोळ्याखालून ओठापर्यंत फाटला आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर रक्त उडालं. कणसं बडवावीत तशी ती बडवत राहिली, गुडघ्यावर, खांद्यावर, लागेल तिथं. अण्णारावनं स्टँड धरला तर तिनं त्याच्या मनगटात दात रुतवले. शेजारचा चहावाला आणि त्याची गिऱ्हाइकं शटर वर ढकलून आत घुसली, तेव्हा कुठं अण्णाराव पुतण्याला काखेत धरून बाहेर पडला.

"तुला बी बघतो, बाई."

"बघ की," ती धापा टाकत म्हणाली. "आता तरी बघ."

सोमेशच्या हाताची दोन बोटं भलतीकडेच वळली होती. चहावाल्यानं त्यांच्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि दवाखान्यात चल म्हणून तो त्याला ओढायला लागला. सोमेश उठला नाही. डाव्या हातानं त्यानं एक्सपोर्ट सुरू केलं, मग कोरी डिस्क आत सरकवली. घाम टिपत, दात आवळत ती तयार होईपर्यंत तिथंच बसला.

"लावून बघू दे आधी."

टीव्हीखालच्या जुन्या प्लेयरमध्ये त्यानं डिस्क घातली. जरा घरघर झाली आणि वरात दिसायला लागली. नाचणारी पोरं, डीजेची गाडी. मग गर्दी फाकली. सोमेशनं घाईघाईनं आवाज बंद केला.

केवळाबाईनं हे आजवर बघितलं नव्हतं. ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. पहिला दगड बसला. जमिनीवर पडलेल्या सत्यमनं तोंड उघडलं.

"काय म्हनला त्यो?"

"काय न्हाई, मावशी."

तिनं मान वळवली नाही.

"आवाज वाढव, सोमेशा. जज्जसायबाला ऐकू गेलं पायजे."