भार कुठल्या पायावर

"मला पोरींबरोबर पळणारा माणूस पाहिजे," गुणाजीकाका म्हणाले. "अनुजा, तू गेटपासून इथपर्यंत पोचलीस तोवर पोरींचा वॉर्मअप संपून चढायाही झाल्या."

नायगावच्या मैदानावर संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाला प्रशिक्षक हवा होता आणि नाव आजच कळवायचं होतं. अध्यक्ष गुणाजीकाका. फॉर्म त्यांच्या खिशात आणि विकास त्यांच्या मनात. विकास चोवीस वर्षांचा, मुलांच्या संघातला हुकमी चढाईपटू. अनुजा छत्तीसची, पूर्वी इथेच खेळलेली आणि आता ही जागा मागायला आलेली. बँकेतून सुटून, पाळणाघरातून सहा वर्षांच्या सांचीला घेऊन ती तशीच आली होती. सलवारीवरून गुडघ्याला पट्टा, खांद्याला डब्याची पिशवी.

"झीज आहे काका. ऑस्टिओआर्थरायटिस. नावच एवढं लांब की सांगून होईपर्यंत लोक खुर्ची आणून देतात."

"तेच म्हणतोय मी. ह्या वयात म्हाताऱ्यांचा आजार घेऊन बसलीस."

"आई, तू म्हातारी आहेस?" सांचीने विचारलं.

"माझा गुडघा सत्तरचा आहे. बाकी सगळी मी छत्तीसची."

"मग पळणार कोण?" काका म्हणाले.

"मी पळते," सांची म्हणाली.

मुली हसल्या. अनुजाने मंडळाची प्लॅस्टिकची खुर्ची रेषेबाहेर ओढली आणि हातांवर जोर देऊन हळूच तिच्यात उतरली.

"मॅचला कोच कुठे बसतो, काका?"

"बाहेर. खुर्चीवर."

"मग झालं तर. माझा सराव रोजच चालू आहे."

मुली आणखी हसल्या, पण काका हसले नाहीत. ते खिशातला फॉर्म काढायला लागले. दिवसभर अनुजा काउंटरच्या मागे बसायची, घरी ओट्याला टेकून उभी राहायची. दुखणं सोडून दुसरं काही स्वतःचं म्हणावं अशी ही एकच जागा उरली होती.

"एक करा," ती म्हणाली. "विकासला चढाईला पाठवा. आज मुलींनी त्याला एकदाही धरलेलं नाही. गेटपासून येताना मी बघत होते, वेळ होता मला. तीन चढायांत धरला नाही तर लिहा त्याचं नाव. मीच लिहून देते."

काकांनी विकासकडे पाहिलं. विकासने खांदे उडवले आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

पहिल्या चढाईत तो दोघींना शिवून हसत परत गेला. अनुजाची नजर त्याच्या पायांवर होती. जिन्याची पायरी उतरायच्या आधी भार कुठल्या पायावर टाकायचा, हे गेली तीन वर्षं तिला ठरवून घ्यावं लागे. त्यामुळे आताशा तिला माणसाच्या तोंडाआधी त्याचा भार दिसे. रेशनच्या रांगेत, बँकेत, शाळेच्या पालकसभेत, सगळीकडे.

दुसऱ्या चढाईत विकास कोपऱ्यातल्या आकांक्षाला चकवून सुटला.

"दोन झाल्या," काका म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"आकांक्षा, इकडे ये."

आकांक्षा धापा टाकत आली. अनुजा तिच्या कानाशी वाकली. "तो वळला की उजवा घोटा. लगेच. आणि डाव्या पायाला कुणी हात लावायचा नाही, बाकीच्यांनाही सांग."

"का, ताई?"

"आधी धर. मग विचार."

तिसऱ्यांदा विकास आत आला. कबड्डी कबड्डी कबड्डी. एक हूल दिली, हात फेकला, मागे सरकला. मुली जागच्या हलल्या नाहीत. तो वळला.

"आता!"

आकांक्षा मातीत आडवी झाली आणि उजव्या घोट्याला दोन्ही हातांनी चिकटली. विकासचा डावा पाय खाली टेकायला गेला आणि टेकता टेकता थांबला. तेवढ्यात पाचजणी त्याच्या कमरेला आणि खांद्याला भिडल्या. मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे त्याचा दम सुटला.

मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं. सांची रेषेच्या आत धावली, मग आठवण होऊन परत बाहेर आली, जमिनीला हात लावला आणि पुन्हा आत धावली.

काकांनी फॉर्म मांडीवर ठेवून सरळ केला. "आडनाव काय लिहू? सासरचं की माहेरचं?"

"माहेरचं. खेळले त्याच नावाने."

"पळायला विकासला ठेव बरोबर."

"ठेवणारच होते."

काका फॉर्म घेऊन ऑफिसकडे निघाले. विकास नळाशी कोपरावरची माती धूत होता. अनुजा त्याच्याजवळ पोचली तेव्हा त्याचे दोन्ही हात धुऊन झाले होते.

"भारी पकडायला लावलंत, ताई."

"डावा कधीपासून दुखतोय?"

"काय?"

"गुडघा."

त्याने नळ बंद केला. आधी मैदानाकडे पाहिलं, मग ऑफिसच्या दाराकडे.

"गणपतीपासून," तो हळूच म्हणाला. "घरी पण माहीत नाही."

"उद्या परळला माझ्या डॉक्टरांकडे चल. लंच टायमात. मी पण अंगावरच काढलं होतं, लग्नाआधी. वरातीतला माझा नाच बघितला असतास तर कळलं नसतं तुला."

"काकांना नका सांगू, ताई. टीममधून काढतील मला."

"काकांचं मी बघते," अनुजा म्हणाली. "त्यांचा पण दुखतोय, उजवा."