सोन्याच्या म्यानातली क्रिस

“मास, जरा हलक्या हाताने,” प्रवोतो म्हणाला. थोरल्या साडूला तो मोठ्या भावासारखं ‘मास’ म्हणायचा. त्याने रेशमी पिशवीतून क्रिस कट्यार काढून तिर्तोसमोर ठेवली.

सोन्याचं म्यान दिसताच तिर्तोने नजर फिरवली. बारा वर्षं झाली, पण जळफळाट काही कमी झाला नव्हता. दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात लागली, तेव्हा सासऱ्यांनी प्रथेप्रमाणे दोन्ही जावयांना एकेक कट्यार दिली. धाकट्या प्रवोतोला ही. थोरल्या तिर्तोला मात्र साध्या लाकडी म्यानातली. ती त्याने रागाने कधी उपसलीसुद्धा नाही. सुरो महिन्यात घरोघरी पाती लिंबाच्या रसाने धुतात, तेव्हाही बायकोच ती माहेरी नेऊन धुऊन आणायची.

आता सोलो शहरात क्रिसचं वय आणि गाव सांगावं ते तिर्तोनेच. म्हणून तर संग्रहालयाच्या बाई, बू रत्मी, प्रवोतोबरोबर आल्या होत्या.

“मजापाहित राजांच्या काळातली निघाली, तर दालनाच्या मधोमध ठेवू,” त्या म्हणाल्या. “खाली पाटीवर मालकाचं नाव. तुम्ही लिहून द्याल ते शेवटचं.”

मालकाचं नाव! सासऱ्यांच्या लाडक्याचं नाव आता अख्ख्या गावाने वाचायचं!

तिर्तोने क्रिस कपाळाला लावली आणि उपसली. हाताला वजनच जाणवेना. नखाने टिचकी मारली, तर पातं कितीतरी वेळ घुमत राहिलं. काळंनिळं लोखंड, त्यावर पांढरी बारीक नक्षी. पाचशे वर्षं तर नक्की. असलं पातं त्याने आयुष्यात हातात धरलं नव्हतं.

“काय म्हणता, मास?” प्रवोतोला धीर निघत नव्हता. चेहरा नुसता फुलला होता. तेच तिर्तोला बघवेना.

“मादुरा बेटावरची आहे. तीसेक वर्षांची. आम्लात बुडवून म्हातारी केलीय.”

“उन्हात नेऊन बघा ना एकदा.”

“आता तू मला शिकवणार? म्यानाला भुललास रे, बाबा.”

त्याने तसं लिहिलं, सही केली आणि शिक्का दणकन मारला. बू रत्मी हळहळल्या, कागद घेऊन निघून गेल्या. तिर्तोला बारा वर्षांनी मोकळं वाटलं.

परक्यांसमोर थोरल्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, म्हणून प्रवोतो त्या जाईपर्यंत गप्प होता.

“मादुराची ती माझी, मास,” तो म्हणाला. “सासऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, पातं साधं आहे म्हणून म्यान सोन्याचं देतो.”

“मग ही कुणाची?”

“यंदा माहेरी पाती धुताना ताई म्हणाल्या, हिचं लाकडी म्यान चिरलंय, चार लोकांत कशी न्यायची? म्हणून मी माझी मूठ आणि म्यान चढवलं. पाटी लागेपर्यंत तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, मास. नाव तुमचं होतं.”